राजूबाईनं डाक्टरला सांगितलेलं

आळंदमध्ये दोन डाक्टर आहेत, असं त्या काळी लोक सांगत. एक अंगाचा, तो सरकारी दवाखान्यात बसतो. दुसरा मनाचा, तो शेंगा सोलायला लावतो.

हे दुसरे म्हणजे सोमशेखर डाक्टर. मूळ कडगंचीचे. वडील हणमंतप्पा भुसाराचे व्यापारी. लिंगायताचं घर, घरात कानडी, दुकानात मराठी आणि निजामाच्या कचेरीत काम पडलं तर उर्दू. सोमशेखर हैदराबादेला डाक्टरी शिकले तीही उर्दूतूनच. शिकून झाल्यावर गावाकडं यायचं सोडून ते तिथल्याच वेड्यांच्या इस्पितळात नोकरीला राहिले. हणमंतप्पांनी निरोपावर निरोप धाडले, "शहाण्यांना औषध द्यायचं सोडून येड्यांत कामून बसलास?"

त्याला कारण एक रोगी होता. भीमेकाठचा शेतकरी, साखळीनं बांधलेला, दिवसभर दोनच शब्द ओरडायचा. इस्पितळात कुणालाच ते कळत नव्हते. सोमशेखरांना पहिल्याच दिवशी कळले, कारण ते कानडी होते. केंच्या आणि बिळ्या. तांबडा आणि पांढरा. ती बैलांची नावं होती.

"बैल कुठं गेले तुझे?" त्यांनी त्याला त्याच्याच बोलीत विचारलं.

माणूस एकदम गप्प झाला. मग म्हणाला, "पुरात गेले. गाडी घालताना पाणी चढलं. मी उडी मारली. ते जुंपलेले होते." आणि रडायला लागला. त्या दिवसानंतर त्याला बांधावं लागलं नाही.

या एका माणसामुळं सोमशेखरांचं आयुष्य ठरून गेलं. मनाच्या दुखण्यावरची पुस्तकं त्यांनी इंग्रजीतून वाचून काढली, आणि सन तीसच्या पुढेमागे महादेवीशी लग्न झाल्यावर आळंदला येऊन दवाखाना घातला. ताप-खोकलाही बघायचे, पण त्यांच्या ओसरीवर येणारी माणसं निराळी असत. झपाटलेली, घुमणारी, वाचा गेलेली. आमच्या त्या सगळ्या भागात तेव्हा भानामतीचं मोठं भय. बाईच्या अंगावर बिब्ब्याच्या फुल्या उठायच्या, ती कुत्र्यासारखी भुंकायची, आणि मग गाव करणी करणारा शोधत फिरायचं.

डाक्टर त्या बाईला ओसरीवर बसवत. पुढ्यात सुपात भुईमुगाच्या शेंगा ठेवत आणि स्वतःही सोलायला बसत. हात गुंतले की जीभ सुटते, असं त्यांचं म्हणणं. सोललेल्या दाण्यांची महादेवीअक्का चटणी कुटायच्या आणि रोग्यांनाच भाकरीबरोबर वाढायच्या. कुणी तासाभरात बोलायचं, कुणी सहा महिन्यांनी.

लिहीतही असत. सोलापूरच्या एका छापखान्यात त्यांनी 'श्रवणविचार' नावाचं पुस्तक छापून घेतलं. औषधाचं पुस्तक नव्हतं ते. दुःख म्हणजे काय, ते दुसऱ्याला देता येतं का, ऐकणाऱ्याचं त्यात काय जातं, असा सगळा विचार होता. हणमंतप्पांना वाईट वाटलं, की पोरानं कानडी सोडून मराठीत लिहिलं. त्यावर डाक्टर म्हणाले, "अप्पा, इथली माणसं ज्या भाषेत रडायलीत त्या भाषेत लिहिलं." त्या पुस्तकातलं एक वाक्य आळंदच्या शिकल्यासवरल्या माणसांना पाठ होतं: 'जे दुःख वाचेवाटे बाहेर पडत नाही, ते देहावाटे बाहेर पडते.' तेव्हा त्यांची चाळिशीही झालेली नव्हती, आणि आपल्याला माणसाच्या मनाची किल्ली सापडली आहे असं त्यांना वाटत होतं. हे मी माझ्या पदरचं सांगत नाही. महादेवीअक्का म्हातारपणी सोलापुरात राहायच्या, त्यांनीच मला हे सांगितलं, आणि पुढचंही.

निंबर्ग्याची राजूबाई त्यांच्याकडं आली ती सासूच्या आणि नवऱ्याच्या हाताला बांधून. सासू कमलबाई, नवरा अंकुशराव. खाऊनपिऊन सुखी शेतकरी घर. राजूबाई विशीतली, करजगीची लेक. पहिली मुलगी दोन महिन्यांची होऊन गेली; तिला खोकला झाला तेव्हा अंकुशरावनं आळंदहून डाक्टरांचंच औषध नेलं होतं. ती गेली आणि पंधरवड्यात हिला झटके यायला लागले. भुंकायची, चावायची. गाणगापूरला नेऊन झालं, दर्ग्याला नेऊन झालं.

डाक्टरांनी सासूला आणि नवऱ्याला बाजारात धाडून दिलं. सूप पुढं ठेवलं. पहिल्या दिवशी राजूबाईनं शेंगा उधळल्या. दुसऱ्या खेपेला नुसती बसली. तिसऱ्या की चौथ्या खेपेला सोलायला लागली. तेव्हा डाक्टरांनी विचारलं, "लेकराचं नाव काय होतं, अव्वा?"

"ठेवलंच न्हवतं."

आणि मग ती बोलली. खाली बघून, सोलता सोलता.

"तुरीची काढणी होती. लेकरू रातभर रडायचं. आत्याबाई म्हणल्या, रानात यायलीस का लेकरू धरून बसायलीस? मग आफू उगाळली. समदेच देतेत, तेवडीच. मग वाटलं, दुपारी उटलं तर कोण बगंल? म्हणून बोटाला आनिक जरा लावली." हातातली शेंग फोडून ती म्हणाली, "सांजच्याला आले तर झोळी हालत न्हवती. आत्याबाई म्हणल्या, कुनाची तरी नजर लागली. मी व्हय म्हणलं."

डाक्टर शेंगा सोलत राहिले.

"तुमी कुनाला सांगू नगा, अप्पा. मला लेकरावाणी पुरून टाकतेल."

"नाही सांगणार," डाक्टर म्हणाले.

राजूबाईचे झटके थांबले. ती पुन्हा चूल बघायला लागली, रानात जायला लागली. कमलबाईंनी दवाखान्यात तुरीचं पोतं आणून टाकलं. डाक्टरांनी अंकुशरावला एवढंच बजावलं, की हिला पुन्हा काही झालं तर कुठंही न नेता आधी इकडं आणायचं.

सात-आठ महिने बरे गेले. मग शेजारच्या घरात बारसं झालं. पाळण्याचं गाणं सुरू झालं आणि राजूबाई सगळ्या बायकांसमोर भुंकायला लागली. त्या वेळी तिला आळंदला आणायचं कुणाच्या मनात आलं नाही. डाक्टरचं औषध उतरलं, करणी जास्ती जोराची आहे, असंच गावानं धरलं, आणि करणारी कोण हेही तिथंच ठरलं. शकुबाई.

शकुबाई गावातली सुईण. नवरा नाही, मूलबाळ नाही, वेशीजवळ खोपट. राजूबाईची मुलगी तिच्याच हातावर झाली होती. मुलगी बघून कमलबाईंनी तोंड फिरवलं तेव्हा ही फटकळ बाई म्हणाली होती, "तोंड नगा फिरवू, कमलबाई. हे लेकरू बगायलंय तुमाला. पाप लागंल." ते बोलणं आता सगळ्यांना आठवलं, आणि त्याचा शाप झाला.

डाक्टर त्या दिवशी निंबर्ग्याजवळच्या वस्तीवर एका म्हाताऱ्याला बघायला गेले होते. तिथं एक गाडीवान पळत आला. "अप्पा, शकुबाईला पारावर धरलंय. दात पाडायलेत."

भानामती करणाऱ्याचे दात पाडले की मंत्राचा उच्चार नीट होत नाही आणि करणी सुटते, अशी समजूत. डाक्टर पोचले तेव्हा शकुबाईला पाराच्या कट्ट्याला टेकवून दोघांनी धरलं होतं. पुढचे दात गेले होते. तोंडातून रक्त पदरावर गळत होतं. एकाच्या हातात जात्याचा खुंटा होता. पाटील गुंडेराव वर बसले होते. गर्दीत निम्मी माणसं डाक्टरांच्या ओळखीची, कित्येकांच्या घरची दुखणी त्यांनीच काढलेली.

"सोडा तिला," डाक्टर ओरडले. "मी ठाण्यावर अमीनसाहेबांकडं जाईन. सगळे तुरुंगात जाल."

"जावा की," गुंडेराव म्हणाले. "अमीन येईस्तवर आमचं काम होतंय."

"पाटील, भानामती नसते. मी शपथेवर सांगतो."

"मग अंकुशरावची बायकू कामून भुकायलीय? तुमीच सांगा, डाक्टर. तुमचं औषध घेऊन बी कामून भुकायलीय? लेकरू कामून गेलं?"

डाक्टरांनी मनाच्या आजाराचं सांगायला सुरुवात केली. लोक ऐकेनात. मागून कुणी तरी म्हणालं, दात झाल्यावर जीभच डागा. खुंटा पुन्हा वर गेला. शकुबाईनं डोळे मिटून घेतले. ओरडली नाही.

"लेकरू अफूनं गेलं!" डाक्टर म्हणाले.

सगळे थांबले.

"अफू जास्त झाली. करणी नाही आणि काही नाही. या बाईचा काही संबंध नाही."

"कुनी दिली?" गुंडेरावांनी विचारलं.

डाक्टरांनी नाव घेतलं नाही. कमलबाई पुढं आल्या. "म्या न्हाई दिली. माझ्या हातानं आफू दिलीच न्हाई कदी. कोन म्हणतंय म्या दिली?" खुंटा धरणाऱ्यानं शकुबाईकडं बोट केलं, "मग हिनंच दिली असंल. सुईण हाय. हिच्याबिगर कोन देतंय?"

"आईनं दिली," डाक्टर म्हणाले. "तिनं स्वतः मला सांगितलंय."

शकुबाईचे हात सोडले गेले. ती कट्ट्याला धरून खाली बसली. आणि गर्दी हलली तेव्हा डाक्टरांना दिसलं, की बायकांच्या घोळक्यात मागं राजूबाई उभी आहे. करणी उतरताना तिनं समोर असावं म्हणून तिला आणून उभं केलं होतं. तिनं डाक्टरांकडं बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता. नव्या गावात वाट चुकलेलं माणूस बघतं तसं बघितलं, असं डाक्टर महादेवीअक्कांना म्हणाले होते.

त्या दिवसापासून राजूबाई बोलली नाही. भुंकलीही नाही.

अफूनं लेकरं जाणं तेव्हा नवं नव्हतं. कचेरीतून कुणी चौकशीला आलं नाही. पण गावानं तोंडावर कधी न म्हटलेली गोष्ट आता उघड्यावर आली होती, आणि जिनं तिनं आपल्या पोराला अफू चाटवलेली, तीच राजूबाईच्या नावानं जास्ती बोटं मोडायला लागली. अंकुशरावनं तिला गाडीत घालून माहेरी करजगीला धाडलं. भावानं दारातूनच सांगितलं, "लेकराला मारलेली घरात नको. आमच्याबी घरात लेकरं हायत." तिला घेऊन गेलेल्या गाडीवानानंच तिला परत आणलं आणि निंबर्ग्याच्या वेशीत उतरवून दिलं, कारण दुसरीकडं कुठं न्यावं त्याला कळेना.

वेशीजवळ शकुबाईचं खोपट. तिचं तोंड अजून सुजलेलं होतं, भाकरी पाण्यात कुस्करून खात होती. ती बाहेर आली. राजूबाईला बघून थोडी उभी राहिली. मग "ये" म्हणाली आणि आत जाऊन दुसरी थाळी मांडली.

इकडं डाक्टरांनी दवाखाना पंधरा दिवस उघडला नाही. महादेवीअक्का त्यांना समजावत, की तुम्ही नसता बोलला तर शकुबाई मेली असती. ते मान हलवत. एकदा चुलीपाशी जेवायला बसले असताना अक्का सहज म्हणून गेल्या, "आवो, खोटं बोलता आलं नसतं का?"

"म्हणजे?"

"माझ्याच खोकल्याच्या औषधानं लेकरू गेलं, असं म्हणला असता तर? तुमच्यावर कुणी खुंटा उचलला नसता."

डाक्टरांचा हात भाकरीवर तसाच राहिला. अक्का मला म्हणाल्या, "मी कशाला बोलले असं झालं मला. त्यांच्या मनात ते आलंच नव्हतं, बघा. एवढे शिकलेले, पण आलंच नव्हतं. त्या दिवसानंतर मी त्यांना पोटभर जेवताना बघितलं नाही."

डाक्टर दर महिन्याला निंबर्ग्याला जायला लागले. शकुबाई बाज टाकून द्यायची. राजूबाई जोंधळे निवडत असायची किंवा गोवऱ्या थापत असायची. डाक्टर तिच्याशी बोलत, माफी मागत, नुसतेच बसत. ती उठून जात नसे आणि वर बघतही नसे. गोळ्या दिल्या तर घ्यायची. सगळी कामं करायची, जेवायची, झोपायची. फक्त बोलणं गेलं होतं. ज्या माणसानं वाचा गेलेल्या कित्येक बायका बोलत्या केल्या, त्याला एवढ्या वर्षांत तिच्याकडून एक अक्षर मिळालं नाही.

दवाखान्यात आता ते शेंगा ठेवत नसत. नाडी बघून बाटली भरून देत. डाक्टरच्या हाताचा गुण गेला, असं लोक म्हणायला लागले. काही खोटं नव्हतं.

याच काळात त्यांनी दुसरं पुस्तक लिहिलं. 'उसने सत्य'. त्यात निंबर्ग्याचं नाव नाही, कुणाचंच नाव नाही, पण घडलेलं सगळं आहे. त्यांनी लिहिलंय: 'सत्य बोलण्यास मला काहीच मोजावे लागले नाही. असत्य बोललो असतो तर माझा दवाखाना, माझा लौकिक, कदाचित माझी सनदही गेली असती. त्या क्षणी माझ्या जिभेवर सत्य आले याचे कारण ते सत्य होते हे नव्हे. ते दुसऱ्याचे होते, म्हणून स्वस्त होते.' सोलापूरच्या एका मासिकात परीक्षण आलं, की लेखकाची भाषा गंभीर व प्रौढ आहे, मात्र गावातला प्रसंग ओढूनताणून रचलेला वाटतो. डाक्टरांनी ते वाचून घडी करून ठेवून दिलं.

शकुबाईला पुस्तकाचं कळलं तेव्हा ती म्हणाली, "वाचा की. ह्यात माजे दात आलेत म्हणं." डाक्टरांनी खोपटात बसून पारावरचा भाग वाचला. शकुबाई बोळक्या तोंडानं ऐकत राहिली. राजूबाई दाराशी कुडाला पाठ टेकून बसली होती. वाचून झालं तशी ती उठली, घागर घेतली आणि पाण्याला गेली. घागर भरलेलीच होती. वेशीबाहेर जाऊन तिनं पाणी ओतून दिलं आणि पुन्हा भरून आणली.

पंचेचाळीसच्या पावसाळ्यानंतर निंबर्ग्यात हिवतापाची साथ आली. राजूबाई त्यात पडली. लढाई नुकतीच संपली होती, तरी क्विनीन मिळेना. डाक्टरांनी सोलापूरहून मिळवून आणलं तोवर उशीर झाला होता. ते खोपटाशी आले तेव्हा शकुबाई दारात बसली होती आणि आत चेहऱ्यावर पदर ओढलेला होता.

"कवा?"

"सकाळच्याला." मग शकुबाई म्हणाली, "बोलली, अप्पा."

डाक्टर खाली बसले. "बोलली? काय बोलली?"

शकुबाईनं त्यांच्याकडं बघितलं आणि नकाराची मान हलवली.

"माझ्याबद्दल काही म्हणाली का? एवढंच सांग, शकुबाई. शिव्या दिल्या असतील तरी सांग."

"न्हाई सांगायचं म्हणली. कुनालाच."

डाक्टरांनी पुढं विचारलं नाही. तिरडी बांधायला गावातलं कुणी येईना. गाडीवान आला, डाक्टर होते. तिघांनी मिळून तिला मातीत ठेवलं, लेकराला ठेवलं होतं त्याच ओढ्याकाठी.

त्यानंतरची वर्षं सगळ्यांनाच वाईट गेली. अठ्ठेचाळीस उजाडलं तसं सीमेवरची गावंच्या गावं रिकामी व्हायला लागली. रझाकारांच्या भयानं माणसं अक्कलकोट-सोलापूरकडं पळाली. महादेवीअक्कांचा भाऊ गाडी घेऊन न्यायला आला, पण डाक्टर हलले नाहीत. भाद्रपदात फौजा आल्या, राज्य बदललं, आणि मग दुसऱ्या घरांवर पाळी आली. काल पळालेले परत यायला लागले आणि काल राहिलेले पळायला लागले. दोन्ही वेळेला डाक्टरांची ओसरी भरली. आधी कुंकू पुसलेल्या बायका आल्या, मागून बांगड्या फुटलेल्या बुरख्यातल्या आल्या. कुणाची झोप गेलेली, कुणाची वाचा. डाक्टर त्यांना काही विचारत नसत. "सांगू नका. नुसतं बसा," एवढंच म्हणत. मराठीत म्हणत, कानडीत म्हणत, उर्दूत म्हणत. अक्का भाकरी करून वाढत. कुणी आपण होऊन बोलायला लागलं तर डाक्टर उठून आत जात, आणि त्या बायका एकमेकींशी बोलत.

थंडीत त्यांना न्यूमोनिया झाला. आधीच अंगात काही उरलं नव्हतं. कडगंचीला वडिलांच्या रानात, लिंगायतांच्या रीतीप्रमाणं, बसवून समाधी दिली. भीतीचे दिवस, माणसं थोडीच जमली. शकुबाई निंबर्ग्याहून चालत आली होती. मूठभर माती टाकून ती बाजूला बसून राहिली.

सगळे पांगल्यावर महादेवीअक्का तिच्यापाशी गेल्या. "शकुबाई, आता ते गेले. राजूबाई गेली. आता तरी सांगा, काय म्हणाली होती?"

शकुबाईनं हाताला लागलेली समाधीची ओली माती पदराला पुसली. "मला सांगाय येत न्हाई, अक्का," ती म्हणाली. मग उठली, अक्कांच्या पाठीवरून हात फिरवला, आणि ऊन उतरायच्या आत गावी पोचायचं म्हणून निघाली.

"मी एवढी चिडले," महादेवीअक्का मला म्हणाल्या. "वर्षानुवर्षं मनात म्हणायचे, माणूस मेलं तरी हिचं तोंड उघडत नाही. एक शब्द सांगितला असता तर हिचं काय जात होतं? कदाचित माफच केलं असेल तिनं. कदाचित नसेलही. मला कळलं तरी असतं." पदरानं चष्मा पुसत त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. सोलापूरच्या त्या गल्लीत खाली कुणी तरी भाजीवाल्याशी भांडत होतं.

मी विचारलं, "अजून राग येतो?"

"येतो की," अक्का म्हणाल्या. "मधनंच येतो. मग मी काही तरी कुटायला घेते."